धातूंची जोडी लावताना: आधी पाहा, झिजणार कोण?

गिझरची टाकी चार वर्षांतच का गळते? पितळी कॉकला लागून असलेला जीआयचा तुकडाच का सडतो? चिंचेच्या आमटीवर झाकलेल्या फॉइलला रातोरात भोकं का पडतात? पत्र्याला भोक पडतं ते नेमकं स्क्रूपाशीच का? घरदुरुस्तीबद्दल वाचक जे विचारतात, त्यात हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांनी धातूला दोष दिलेला असतो: माल हलका होता, लोखंड पूर्वीसारखं राहिलं नाही. क्वचित ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा धातू चांगला असतो, त्याला जोडीदार चुकीचा मिळालेला असतो.

कोणाची जोडी कोणाशी लावायची, याचं उत्तर दहावीच्या ‘धातुविज्ञान’ धड्यातल्या अभिक्रियाशीलता श्रेणीत आहे. अकरावी-बारावीला तीच आकड्यांनिशी विद्युत रासायनिक श्रेणी म्हणून भेटते. परीक्षेनंतर ती आपण विसरतो. तुम्ही ती प्लंबर, फॅब्रिकेटर आणि भांड्यांच्या दुकानापुरती परत काढावी, म्हणून हा लेख.

यादी एवढीच पुरे

खालचे आकडे व्होल्टमध्ये आहेत. जितका ऋण, तितका तो धातू इलेक्ट्रॉन सोडून विरघळायला उत्सुक.

- मॅग्नेशियम: −२.३७
- अ‍ॅल्युमिनिअम: −१.६६
- जस्त: −०.७६
- लोखंड: −०.४४
- कथील: −०.१४
- शिसं: −०.१३
- (हायड्रोजन: ०)
- तांबं: +०.३४
- चांदी: +०.८०
- सोनं: +१.५०

पितळ हे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण असलं, तरी जोडीच्या हिशेबात त्याला तांब्याच्या शेजारीच बसवा.

वापरायचा नियम असा: दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांना जोडणारं पाणी किंवा ओल असेल, तर यादीत वर असलेला झिजतो आणि खालचा वाचतो. वेगळे धातू, त्यांचा स्पर्श आणि सामाईक ओल, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच हे घडतं. एक तोडली की झीज थांबते. पाणी जितकं खारट, तितकी झीज जोरात. म्हणून नागपूरच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षं टिकलेला जोड मालवण-वेंगुर्ल्याला दोन पावसाळ्यांत जातो.

यादी वाचताना होणाऱ्या चुका

पुस्तकातली श्रेणी २५ अंश तापमानाला, ठरावीक तीव्रतेच्या द्रावणात मोजलेली असते. घरात तशी परिस्थिती नसते, त्यामुळे काही दुरुस्त्या लक्षात ठेवाव्या लागतात.

अ‍ॅल्युमिनिअम यादीत जस्ताच्या वर आहे, पण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा असतो. त्यामुळे खाऱ्या पाण्यात प्रत्यक्षात जस्त आधी झिजतं. पापुद्रा आंबटाने, सोड्याने किंवा ओल्या सिमेंटने उतरवला, की मग अ‍ॅल्युमिनिअम मूळ स्वभावावर येतं. स्टेनलेस स्टीलमध्ये मुख्यत्वे लोखंडच असलं, तरी क्रोमियमच्या पापुद्र्यामुळे ते तांब्याच्या आसपास वागतं. म्हणजे साध्या लोखंडाशेजारी स्टेनलेस आलं, तर झिजणार लोखंड.

तिसरी दुरुस्ती प्लंबरनाही क्वचित ठाऊक असते. साधारण ६० अंशांच्या वर गरम पाण्यात जस्त आणि लोखंड यांचं नातं काही वेळा उलटतं: जस्त लोखंडाला वाचवायचं सोडतं आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला खड्डे पडू लागतात. जीआय पाइप म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, म्हणून गरम पाण्याच्या लाइनसाठी तो घेऊ नका. सीपीव्हीसी घ्या, किंवा ऐपत असेल तर तांबं.

विद्यार्थ्यांकडून हमखास होणारी आणखी एक चूक. तांबं हायड्रोजनच्या खाली आहे, म्हणून आम्ल तांब्याचं काही बिघडवू शकत नाही, असं ते लिहितात. हायड्रोजन बाहेर पडत नाही, एवढंच त्यातलं खरं. हवेतला ऑक्सिजन मदतीला आला की ताक, कोकम, लिंबू हे सगळे तांबं विरघळवतात. पितळी भांड्यात ताक कळकतं ते याचमुळे.

गिझर: कांडी तपासा, टाकी वाचेल

साठवणीच्या बहुतेक गिझरांत टाकी पोलादाची असते आणि तिला आतून काचेचा लेप असतो. लेपात कुठे ना कुठे सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच. तिथलं पोलाद वाचावं म्हणून टाकीत मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. यादी पाहा: मॅग्नेशियम लोखंडाच्या कितीतरी वर आहे. ती झिजते आणि टाकी राहते. कांडी संपली की पाळी टाकीची.

ही कांडी बहुधा हीटिंग एलिमेंटच्या प्लेटवर बसवलेली असते. नवी असताना ती बोटाएवढी जाड, गुळगुळीत, करड्या रंगाची दिसते. वापरातली बाहेर काढली की चघळून टाकलेल्या उसाच्या कांड्यासारखी दिसते: खड्डे पडलेली, पांढऱ्या भुकटीने माखलेली, कुठे जाड तर कुठे दोऱ्याएवढी. हे दृश्य पाहून घाबरू नका. झिजलेली कांडी म्हणजे काम केलेली कांडी. तीन वर्षांनीही ती नव्यासारखी निघाली, तर तिचा टाकीशी विजेचा संपर्क आहे का, हे मात्र तंत्रज्ञाला तपासायला सांगा.

1. गिझर घेतल्यावर पहिल्या वर्षाच्या शेवटी कांडी काढून पाहा. बोअरवेलचं पाणी असेल तर सहा महिन्यांनीच पाहा. पुढे किती दिवसांनी पाहायचं ते तिच्या झिजेवरून ठरवा.
2. मधली पोलादी तार दिसू लागली किंवा कांडी निम्म्याहून कमी उरली, की बदला.
3. काम सुरू करण्याआधी एमसीबी पाडा, पाणी थंड होऊ द्या आणि टाकी रिकामी करा. बटण बंद केलं एवढ्यावर विसंबू नका.
4. सॉफ्टनर बसवला असेल तर कांडी लवकर संपते. क्षार गेले म्हणून तपासणी थांबवू नका.
5. गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास आला, तर ‘कांडी काढून टाका’ हा सल्ला ऐकू नका. पाण्यातले काही जिवाणू आणि मॅग्नेशियम यांच्या संगतीने तो वास येतो. टाकी चांगली तापवून धुऊन घ्या. तरी वास राहिला, तर अ‍ॅल्युमिनिअम-जस्ताची कांडी मिळते का, ते कंपनीला विचारा.

सर्व्हिसिंगला आलेला माणूस क्षार काढून, एलिमेंट पुसून निघून जातो. कांडी दाखवल्याशिवाय त्याच्या कागदावर सही करू नका.

पाइप आणि नळ

पितळी नळ जीआय पाइपला जोडलेला सगळीकडे दिसतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतोही. मग सडतो कोणता जोड? दोन पितळी वस्तूंच्या मधे अडकलेला जीआयचा छोटा निपल. इथे आकाराचा नियम कामाला येतो: झिजणारा धातू मोठा आणि वाचणारा लहान असेल, तर झीज पसरते आणि जाणवत नाही. झिजणारा लहान आणि वाचणारा मोठा असेल, तर सगळा मार त्या लहान तुकड्यावर बसतो.

ब्रिटिश नौदलाने हे फार पूर्वी पाहिलं होतं. १७६१ साली ‘अलार्म’ या त्यांच्या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले गेले. दोनेक वर्षांनी तपासलं तेव्हा लोखंडी खिळे खाल्ले गेलेले होते. मात्र ज्या खिळ्यांशी पत्र्याच्या वेष्टणाचा तपकिरी कागद तसाच राहून गेला होता, ते शाबूत होते. मोठा तांब्याचा पत्रा, बारीक लोखंडी खिळा आणि समुद्राचं पाणी, यापेक्षा वाईट जोडी सापडणं कठीण. इलाजही तिथेच दिसला होता: मधे कागद आला, स्पर्श तुटला, खिळा वाचला.

घरात करायचं ते असं:

- पितळी कॉक आणि पितळी कपलिंग यांच्यामधे निपल पितळीच लावा. जीआयच्या निपलमध्ये वाचलेले पैसे भिंत फोडताना परत जातात.
- जीआय आणि तांब्याचा पाइप थेट जोडू नका. मधे सीपीव्हीसीचा तुकडा किंवा विजेला अटकाव करणारं युनियन घाला. टेफ्लॉन टेपवर विसंबू नका, आटे तिला कापून एकमेकांना टेकतातच.
- पाण्याच्या वाटेवर जीआय आधी आणि तांबं नंतर असावं. उलट केलं, तर तांब्यातून सुटलेले कण पुढच्या जीआयवर बसतात आणि आतून खड्डे पाडतात. सोलर हीटरच्या तांब्याच्या नळ्यांतून निघालेलं गरम पाणी जीआय पाइपने खाली आणलेल्या इमारती पुष्कळ आहेत. तिथे तांबंही आधी आणि पाणीही गरम, अशी दुहेरी चूक आहे.

एक धोका इथेच सांगायला हवा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थिंगची तार पाण्याच्या जीआय पाइपला बांधलेली असते. मधे प्लास्टिकचा तुकडा बसवला की ते अर्थिंग तुटतं आणि नळाला शॉक बसू शकतो. पाइप कापण्याआधी वायरमन बोलावून अर्थिंग वेगळं करून घ्या. हे काम टाळू नका.

कथील तेच, पण पितळेवर वेगळं आणि लोखंडावर वेगळं

पितळी पातेल्याला कल्हई असते ती कथिलाची. तेलाच्या पत्र्याच्या डब्यालाही मुलामा कथिलाचाच असतो. पातेल्याच्या कल्हईवर ओरखडा गेला, तर कथील पितळेपेक्षा यादीत वर असल्यामुळे तेच आधी झिजतं आणि उघड्या पितळेचं विरघळणं मंदावतं. डब्यावर ओरखडा गेला, तर लोखंड कथिलाच्या वर असल्यामुळे झिजतं लोखंड, आणि तेही उघड्या लोखंडापेक्षा वेगाने. म्हणून पोचा पडलेला, ओरखडलेला पत्र्याचा डबा ओल्या जागी आठवड्यात तांबूस होतो. बादलीवर मुलामा असतो जस्ताचा. तो लोखंडाच्या वर असल्यामुळे बादली ओरखडली तरी लगेच गंजत नाही.

यातून निघणारे निर्णय:

- ओरखडलेल्या पत्र्याच्या डब्यात आंबट किंवा खारट पदार्थ साठवू नका.
- जस्ताच्या बादलीत किंवा टिपात कोकम, लिंबू सरबत, ताक कधीच करू नका. लग्नकार्यात मोठं भांडं हवं म्हणून हे केलं जातं. आम्लाने जस्त झपाट्याने विरघळतं आणि उलट्या होतात.
- पातेल्याच्या आत पिवळी किंवा तांबूस झाक दिसू लागली की कल्हई करून घ्या. तोवर त्यात आमटी, कढी, सार नको. कोरडं साठवायला हरकत नाही.
- कल्हईचं भांडं तारेच्या घासणीने घासू नका आणि रिकामं तापवू नका. कथील २३२ अंशांना वितळतं.

कल्हईवाला मिळाला तर उभं राहून पाहा. भांडं तापवून, नवसागर टाकून तो मळ सोडवतो. पांढरा धूर येतो, त्यापासून दूर राहा. मग तापलेल्या पितळेवर कथिलाची काडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने फिरवतो. पिवळ्यावर चांदीसारखा थर क्षणात पसरतो. तुम्ही लक्ष ठेवायचं ते काडीवर. झाळकामाच्या, म्हणजे सोल्डरच्या तारेत शिसं असू शकतं आणि शिसं पोटात जाणं धोक्याचं आहे, मुलांसाठी तर फारच. शुद्ध कथिलाची काडी वाकवली की कानाजवळ बारीक करकर ऐकू येते. शिशाची कागदावर ओढली तर काळसर रेघ उठते. ही पक्की चाचणी नव्हे. शंका असेल तर कथील स्वतः खात्रीच्या दुकानातून विकत आणून द्या.

अ‍ॅल्युमिनिअमचं भांडं आणि फॉइल

स्टीलच्या पातेल्यात चिंचेची आमटी किंवा टोमॅटोचं सार आहे, वर फॉइल लावून ते फ्रिजमध्ये ठेवलंत. सकाळी फॉइल जिथे आमटीला टेकलं होतं, तिथे बारीक भोकं आणि आमटीवर करडे ठिपके दिसतात. फॉइल, स्टील आणि मधे खारट-आंबट पदार्थ: ही चालू बॅटरीच झाली. ठिपक्यांचा भाग काढून टाका आणि पुढच्या वेळी स्टीलचंच झाकण ठेवा.

अ‍ॅल्युमिनिअमच्या भांड्यात भात, चहा, पाणी चालतं. लोणचं, आमसुलाचं सार, दही, मीठ घातलेलं काहीही रात्रभर ठेवू नका. धुण्याचा सोडा वापरू नका. कुकर आतून काळा पडतो तो पाण्यातल्या क्षारांमुळे. तो थर अपायकारक नाही. लिंबाची साल उकळून कुकर लख्ख करता येतो, पण त्याबरोबर पापुद्राही जातो, तेव्हा दर आठवड्याला हा उद्योग नको. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड भांड्यांवर हाच पापुद्रा विजेच्या साहाय्याने जाड केलेला असतो, म्हणून ती आंबटाला अधिक टिकतात.

अ‍ॅल्युमिनिअमच्या याच स्वभावाचा एक चांगला उपयोगही आहे. काळवंडलेली चांदी पांढरी करायची असेल, तर काचेच्या भांड्यात फॉइल पसरा, वर चांदीची वस्तू फॉइलला टेकेल अशी ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा टाका आणि उकळतं पाणी ओता. काळा थर चांदी आणि गंधकाचा असतो. फॉइलच्या इलेक्ट्रॉनमुळे चांदी जागेवर परत बसते आणि गंधकाचा हलका वास सुटतो. घासून चांदी जाते, तशी इथे जात नाही. मोती, खडे आणि मुद्दाम काळी ठेवलेली ऑक्सिडाइज्ड चांदी मात्र यात घालू नका.

पत्रे, स्क्रू आणि रंग

- जीआय पत्रा घेताना गेजबरोबर जस्ताचं वजन विचारा. ‘१२० जीएसएम’ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त. ‘२७५’ म्हणजे दुपटीहून अधिक. किनाऱ्यावर १२० घेऊन पैसे वाचत नाहीत.
- स्क्रू जस्तलेपित आणि रबरी वॉशरचे घ्या. तांब्या-पितळेचं काहीही पत्र्याला लावू नका. तांब्याच्या नळीवरून ओघळणारं पाणीही पत्र्यावर पडू देऊ नका.
- कापलेल्या कडांना आणि वेल्डिंगच्या जागी झिंक-रिच प्रायमर लावा. जस्तलेपित पाइपला वेल्डिंग करणाऱ्याला मोकळ्या हवेत काम करू द्या. त्या धुराने ताप भरतो.
- अ‍ॅल्युमिनिअमच्या खिडक्यांवर ओलं सिमेंट सांडलं तर लगेच पुसा.
- एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये तांब्याच्या नळीवर अ‍ॅल्युमिनिअमच्या पात्या असतात. समुद्राजवळ राहत असाल तर लेप दिलेल्या पात्यांचं मॉडेल घ्या आणि पात्या अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा.

रंगाबद्दल बहुतेकांचा समज उलटा असतो. लोखंड आणि स्टेनलेस एकत्र असलं, की लोक फक्त लोखंड रंगवतात. त्या रंगावर एक ओरखडा गेला की सगळी झीज त्या रेघेत एकवटते आणि तिथे भोकच पडतं. दोन्ही धातू रंगवा. एकच रंगवता येत असेल, तर वाचणारा धातू रंगवा, म्हणजे स्टेनलेस किंवा तांबं.

तुमचे हक्क

साठवणीच्या विजेच्या गिझरला आयएसआय खूण सक्तीची आहे. त्याचं मानक आयएस २०८२. खुणेबरोबरचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून खरा आहे का ते पाहता येतं. दुकानातच पाहा.

गिझरची वॉरंटी बहुधा तीन तुकड्यांत असते: टाकी, एलिमेंट आणि बाकीचा गिझर. टाकीची मुदत सर्वांत लांब लिहिलेली असते, पण कांडी वेळेवर बदलली नाही किंवा पाणी ठरावीक मर्यादेपेक्षा जड असेल, तर वॉरंटी लागू नाही, अशी अट बारीक अक्षरांत असू शकते. विकत घेण्याआधी ती वाचायला मागा. कांडी बदलल्याची प्रत्येक पावती जपून ठेवा. जुन्या कांडीचा तारखेसह फोटो काढा.

नव्या फ्लॅटमध्ये गरम पाण्याला जीआय लाइन टाकली असेल किंवा जोड सडत असतील, तर स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत दाखवून दिलेला बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. दाद न मिळाल्यास महारेराकडे जा.

वस्तू किंवा सेवेतल्या दोषासाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीची फी लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची आहे. या सगळ्यासाठी बिल लागतं, आणि प्लंबरच्या कामाचंही बिल लागतं. त्यावर पाइप-निपल कोणत्या धातूचे वापरले ते लिहून घ्या. गिझर घेऊन वर्ष उलटलं असेल, तर या आठवड्यात त्याची कांडी काढून बघा.